समुद्रातील प्लॅटफॉर्मचा आराखडा बदलताना
२७ जुलै २००५ रोजी मुंबई हायमधील ओएनजीसीच्या ‘बीएचएन’ प्लॅटफॉर्मच्या वायुवाहक उभ्या नळीवर, म्हणजे रायझरवर, एक जहाज आदळले. भडका उडाला, २२ जणांचा बळी गेला. रायझर पोलादी सांगाड्याच्या बाहेरून जात होते.

असा रायझर आत घ्यायचा तर सांगाडा, झडपा, सुटकेच्या वाटा सारेच पुन्हा तपासावे लागते. कागदी नकाशांच्या काळात एका विभागाचा बदल दुसऱ्याला अनेकदा उशिराच कळे. त्रिमितीय संगणकीय प्रारूपात नळी सरकवताच ती कुठे अडते ते दिसते. बदल कोणी सुचवला, कोणी मंजूर केला, याची नोंदही राहते.

मात्र नळ्या एकमेकींना अडत नाहीत म्हणजे बदल सुरक्षित, असे नव्हे. उत्तर समुद्रातील ‘पायपर अल्फा’ तेलासाठी बांधला होता. पुढे त्यावर वायुप्रक्रिया आली, आगरोधक भिंती मात्र स्फोट सोसणाऱ्या नव्हत्या. १९८८ मध्ये तेथे १६७ जण दगावले.