खाल्लेलं अंगी का लागत नाही?

लोअर परळला डिलाईल रोडवर 1920च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे गिरणी कामगार, कोंदट हवा आणि खोकला. क्षयाला याहून सोयीची जागा नव्हती. गिरण्या गेल्या, टॉवर आले. टीबी मात्र गेलेला नाही. शिवडीच्या महापालिका क्षयरोग रुग्णालयाची गरज आजही संपलेली नाही. आणि रुग्णाच्या आईची तक्रारही जुनीच आहे: “डॉक्टर, दूध देते, अंडी देते, पण पोराच्या अंगी काही लागतच नाही.”

ती माउली अगदी खरं बोलत असते.

आपण खातो ती प्रथिनं पोटात सुटी होतात आणि त्यांची अमिनो आम्लं बनतात. ही वीस प्रकारची. त्यातली नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती ताटातूनच यावी लागतात. चरबी साठवायला शरीरात जागा आहे, अमिनो आम्लांना तशी वेगळी कोठी नाही. स्नायू हीच त्यांची शिल्लक. निरोगी माणसाचे स्नायू रोज थोडे मोडतात आणि जेवणातून पुन्हा भरून निघतात.

टीबीचे जंतू फुप्फुसात शिरले की तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि रक्तात इशारे सोडतात. त्यातला एक टीएनएफ नावाचा. रोगी झिजतो कशाने, हे शोधतानाही तोच सापडला, म्हणून त्याला ‘कॅकेक्टिन’ असंही नाव होतं. असे इशारे भूक मारतात आणि स्नायूंची मोडणी वाढवतात. सुटलेली अमिनो आम्लं यकृताकडे जातात. यकृत त्यातल्या काहींपासून साखर बनवतं आणि बाकीच्यांपासून संसर्गाशी झुंजायची प्रथिनं, उदाहरणार्थ सीआरपी. रुग्णाचा रिपोर्ट हातात घ्या: सीआरपी चढलेलं, यकृताचं नेहमीचं प्रथिन अल्ब्युमिन उतरलेलं. यकृताने काम बदलल्याची ती खूण आहे.

नासाडी होते ती इथेच. सीआरपीसारख्या प्रथिनांना फेनिलअॅलॅनिन आणि ट्रिप्टोफॅन ही आम्लं भरपूर लागतात, आणि स्नायूंत ती त्या मानाने कमी असतात. भिंतीतल्या मोजक्या लाल विटा हव्यात म्हणून अख्खी भिंत पाडावी, तसा हा व्यवहार. उरलेल्या आम्लांचा मोठा भाग जाळला जातो आणि त्यांतला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे निघून जातो. कानशिलं खोल जातात, दंड उतरतो, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.

मग दूध-अंड्यांचं काय होतं? भारतातल्या क्षयरुग्णांवरचा एक अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला. खुणेचं अमिनो आम्ल देऊन संशोधकांनी त्याचा शरीरातला माग काढला. नुसती उपासमार झालेल्या माणसाचं शरीर मिळालेलं प्रथिन जपून बांधणीला वापरतं. क्षयरुग्णाच्या शरीरात मात्र जेवणातल्या प्रथिनाचा जास्त हिस्सा इंधन म्हणून जळून गेला. म्हणजे कुपोषण आणि क्षय यांतली झीज वरून सारखी दिसली, तरी आतून वेगळी आहे.

ट्रिप्टोफॅनची गोष्ट तर अधिकच चटका लावणारी. संसर्ग झाला की भक्षक पेशी हे आम्ल मोडून टाकतात, जेणेकरून जंतूची उपासमार व्हावी. काही जंतूंवर ही युक्ती चालते. टीबीचा जंतू ट्रिप्टोफॅन स्वतःच बनवतो, त्यामुळे तो तगून राहतो. उलट मोडणीतून तयार होणारं कायन्युरेनिन आपल्याच संरक्षक टी-पेशींना थंड करतं. टीबीत आणि एचआयव्हीतही रक्तात ट्रिप्टोफॅन घटतं, कायन्युरेनिन वाढतं. उपचार लागू पडले की पारडं हळूहळू पूर्ववत होतं.

यात एका गोळीचाही संबंध येतो. आयसोनियाझिड हे टीबीचं मुख्य औषध शरीरातलं बी-6 जीवनसत्त्व कमी करतं, आणि अमिनो आम्लांच्या कितीतरी अदलाबदलींना बी-6 लागतं. हातापायांना मुंग्या येतात त्या यामुळेच. सोबत दिलेली पायरिडॉक्सिनची, म्हणजे बी-6चीच, गोळी ताकदीची म्हणून बाजूला ठेवू नये.

औषधांनी जंतू मरू लागले की इशारे ओसरतात आणि बांधणीची वाट मोकळी होते. म्हणून गोळ्यांशिवाय खुराक फुकट जातो. पण खुराकाशिवायही भागत नाही, आणि माझ्या मते आपल्याकडे ही दुसरी बाजू फार काळ दुर्लक्षित राहिली. झारखंडमध्ये झालेल्या ‘रेशन्स’ अभ्यासाचे निष्कर्ष 2023 साली आले. रुग्णांना दरमहा 10 किलो शिधा दिला होता. ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत 5 टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्के कमी आढळला. घरच्या माणसांनाही शिधा दिला, तेव्हा त्यांच्यात नव्याने टीबी होण्याचं प्रमाण 39 ते 48 टक्क्यांनी घटलं. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत 2018 पासून महिना 500 रुपये रुग्णाच्या खात्यात येत होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 येतात. त्यात महागडी प्रोटीन पावडर बसवायची गरज नाही. भातात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. दोन्ही एका ताटात आले की उणीव भरून निघते. त्यावर उसळ, अंडं, परवडेल तेव्हा सुकट.

दर महिन्याला वजन काट्यावर बघावंच. गोळ्यांची संख्याही वजनावरच ठरते. दोन महिने गोळ्या नीट घेऊनही काटा हलला नाही, तर डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात: साखर तपासली का, आणि जंतू औषधाला दाद देतोय का. तिसरी घरी बघावी: रुग्णासाठी आणलेला खुराक किती जणांत वाटला जातोय.