वखारीचे छप्पर आणि क्रेनची निवड

सियागंज असो वा मल्हारगंज, इंदुरात वखारीवर लोखंडी कैच्या चढवावयाच्या म्हणजे क्रेन आलीच. केवळ भाड्याचा दर पाहून ती ठरवू नये, असे आम्ही सभासद बंधूंस आग्रहाने सांगू इच्छितो.

क्रेनवर लिहिलेले टन हे ओझे तिच्या अगदी निकट असतानाचे असतात. अंतर वाढते तशी तिची शक्ती घटते. ३ मीटरांवर १० टन उचलणारी क्रेन १२ मीटरांवर अडीच टनही पेलील असे नाही. यास्तव क्रेनच्या फिरत्या मध्यापासून कैची बसावयाच्या जागेपर्यंतचे अंतर प्रथम मोजावे, कैचीच्या वजनात हूक व साखळ्यांचे वजन मिळवावे आणि क्रेनमालकाकडील भारतक्ता पाहूनच सौदा करावा.

माळव्याची काळी माती पावसात मऊ पडते; तेथे क्रेनच्या टेकूंखाली जाड फळ्या हव्यातच. जवळून विजेच्या तारा जात असल्यास प्रवाह आधी बंद करवावा आणि वारा सुटताच पत्रे चढविणे थांबवावे. उचलयंत्रांची वर्षातून एकदा तरी कसून तपासणी व्हावी, असा दंडक १९४८ च्या कारखाना कायद्यानेही घातला होता. तपासणीचा दाखला मागण्यात संकोच कसला?

मोडलेली कैची नवी घेता येते; तिच्याखाली सापडलेला मजूर परत येत नाही. भाड्याचा हिशेब मांडताना आपण हे ध्यानी ठेवावे.