तक्रार ऐकणाऱ्याला कोणी शिकवलं?

फेब्रुवारी १९९४मध्ये शिरूरच्या शासकीय देखरेखीखालच्या संस्थेतल्या बौद्धिक दिव्यांग स्त्रियांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणलं गेलं आणि त्यांची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. या स्त्रियांना पाळीची स्वच्छता ठेवता येत नाही, असं कारण सांगितलं गेलं. त्याच्या जोडीला आणखी एक कारण होतं: उद्या कोणी अत्याचार केलाच, तर निदान गर्भ तरी राहणार नाही. स्त्री संघटनांनी आणि दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, वर्तमानपत्रांत गदारोळ झाला आणि उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या.

त्या वादात संमतीबद्दल आणि वैद्यकीय नीतीबद्दल बरंच लिहिलं गेलं, आणि ते लिहिलं जायलाच हवं होतं. पण त्या दुसऱ्या कारणापाशी थांबून पाहायला हवं. अत्याचार होणार हे यंत्रणेने गृहीत धरलं होतं. तो होऊ नये, झाला तर लगेच कळावा आणि कळल्यावर काय करायचं ते कोणालातरी ठाऊक असावं, हा विचार त्या योजनेत नव्हता. सगळा इलाज पीडितेच्या शरीरावर होता. तिच्या आसपास वावरणाऱ्या काळजीवाहक बाई, अधीक्षक, ओपीडीतले डॉक्टर, चौकीतला हवालदार यांच्यापैकी कोणाला काही शिकवावं, हे कोणाच्या कामाच्या यादीत नव्हतं. पुढच्या तीस वर्षांचा मागोवा घ्यायचा तर तो या शिकवण्याचाच घ्यायला हवा. कायद्यांची यादी कुठेही मिळते.

पोलिसांत शिरून काम करण्याचा एक प्रयोग आपल्याकडे आधीच झाला होता. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती थेट पोलिसांच्या इमारतीत बसू लागली. येणाऱ्या बाईशी ती बोलायचीच, शिवाय शेजारच्या टेबलावरचा अधिकारी ती काय विचारते आणि काय विचारत नाही, हे रोज बघत राहायचा.

दवाखान्यात तेच घडायला २००० साल उजाडलं. ‘सेहत’ ही संशोधन संस्था आणि मुंबई महापालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उभं केलं. घरात मार खाणारी बाई पोलिसांकडे जाण्याआधी दवाखान्यात येते. ‘मोरीत पडले’, ‘भांडं लागलं’ असं सांगते आणि केसपेपरवर तेच उतरतं. ‘दिलासा’ने रुग्णालयाच्याच डॉक्टरांना, परिचारिकांना, कर्मचाऱ्यांना शिकवलं आणि त्यांच्यातूनच पुढच्यांना शिकवणारे तयार केले. बाहेरून पाहुणा बोलावून दुपारच्या जेवणासकट एक व्याख्यान, असा तो प्रकार नव्हता. केंद्र रुग्णालयाचा एक विभाग म्हणून चाललं, म्हणून परिचारिकेला बाईला कुठे पाठवायचं ते माहीत असायचं, आणि पाठवल्यावर पुढे काय झालं तेही कळायचं. पुढे मुंबईतल्या आणखी रुग्णालयांत अशी केंद्रं निघाली. माझ्या मते या तीन दशकांतली सगळ्यात टिकाऊ शिकवणी ही. तिचं अनुकरण मात्र फार सावकाश झालं.

दरम्यान देश एकेका धक्क्याने जागा होत होता. ६ ऑगस्ट २००१ला तामिळनाडूतल्या एर्वाडीत एका खासगी मनोरुग्ण निवासाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं जळून गेली. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २००७मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आला. सांभाळाच्या अटीवर लिहून दिलेलं बक्षीसपत्र सांभाळ न झाल्यास रद्द करण्याचा मार्ग त्याने खुला केला. महाराष्ट्रात या कायद्याखालच्या न्यायाधिकरणाचं काम प्रांताधिकाऱ्याकडे असतं. सात-बारा, भूसंपादन, निवडणूक हे सगळं सांभाळून त्याने सत्तरीच्या आईला मुलाच्या देखत विचारायचं: तुमची काय तक्रार आहे? मुलगा शेजारच्या खुर्चीत असताना आई काय सांगणार? तिला आधी एकटीला भेटायला हवं, ही साधी गोष्टसुद्धा शिकवावी लागते.

२००९ साली चंदीगडच्या नारी निकेतनमधल्या एका तरुणीची हकिकत सर्वोच्च न्यायालयात पोहोचली. तिची बौद्धिक अक्षमता सौम्य स्वरूपाची होती. सरकारी निवाऱ्यातच तिच्यावर बलात्कार झाला होता आणि ती गर्भवती होती. तिला मूल हवं होतं. प्रशासनाने गर्भपाताची परवानगी मागितली, उच्च न्यायालयाने ती दिली. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि तिच्या इच्छेला मान दिला. शिरूरनंतर पंधरा वर्षांनी देशातल्या सर्वोच्च पीठाने म्हटलं, की बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ स्त्रीच्या शरीराचा निर्णय तिला वगळून घेता येणार नाही. प्रशिक्षणाच्या दृष्टीने हा धडा अवघड आहे. लहान मुलाच्या बाबतीत ‘मी त्याच्या भल्याचं ठरवतो’ म्हणणं एकवेळ चालतं. प्रौढ माणसाच्या बाबतीत मदत करणाऱ्याला स्वतःचा हात आवरायलाही शिकावं लागतं. तिला वाचवायचं आहे आणि तिचं म्हणणंही ऐकायचं आहे. एकाच दुपारी ही दोन्ही कामं करता येणं, हेच या पेशातलं खरं कौशल्य.

त्याच सुमारास विदर्भात एक महत्त्वाचं काम झालं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्कार पीडितांच्या तपासण्या किती ढिसाळ होतात याचा सविस्तर अहवाल तयार केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. तपासणीचा ठरावीक नमुना असावा, ‘दोन बोटांची चाचणी’ थांबावी, हे मुद्दे तिथून जोराने पुढे आले. खांडेकरांच्याच पाठपुराव्यामुळे २०१९मध्ये महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठाकडे ‘कौमार्याची लक्षणं’ अभ्यासक्रमातून वगळण्याचा विषय आला. इतकी वर्षं आपले डॉक्टर पाठ्यपुस्तकातून चुकीचंच शिकून बाहेर पडत होते, याचा राग मला आजही येतो. प्रशिक्षण नसणं वाईटच. पण अशास्त्रीय गोष्टीवर परीक्षेत मार्क मिळत राहणं त्याहून घातक.

आणि मग कळंबोली. २०११मध्ये पनवेलजवळच्या या ठिकाणच्या एका निवासी संस्थेतल्या गतिमंद मुलींवर आणि तरुणींवर होत असलेले अत्याचार उघडकीला आले. उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या पाहणीतून ते कळलं. त्यांना रोज भेटणाऱ्या कोणाकडून कळलं नाही, हे लक्षात घ्यायला हवं. २०१३मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवलं.

त्याच वर्षी फौजदारी कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. लैंगिक अत्याचाराची फिर्याद देणारी व्यक्ती दिव्यांग असेल तर पोलिसाने तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी जायचं, दुभाषा किंवा विशेष शिक्षक सोबत ठेवायचा, सगळ्याचं चित्रीकरण करायचं. दंडाधिकाऱ्यापुढचा तिचा जबाब सरतपासणी म्हणून धरायचा, म्हणजे तेच सगळं कोर्टात पुन्हा सांगावं लागू नये. २०१४मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वैद्यकीय तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतही दिव्यांग व्यक्तींचा स्वतंत्र विचार आहे: संमती तिचीच घ्यायची, ती देऊ शकत नाही असं आधीच ठरवायचं नाही.

कागदावर हे चोख आहे. प्रत्यक्ष खोलीत काय घडतं ते जवळून पाहिलं की प्रशिक्षण कशाला हवं ते कळतं. ठाणे अंमलदार सवयीने विचारतो, ‘किती तारखेला? किती वाजता?’ तारीख-वेळ न कळणारी मुलगी गप्प राहते. जबाबात लिहिलं जातं: ‘नीट सांगू शकत नाही.’ तिथे विशेष शिक्षिका असेल तर ती जत्रेच्या आधी की नंतर ते विचारते. त्या दिवशी जेवायला काय होतं, पाऊस होता का, अंगावर कुठला ड्रेस होता, असं एकेक विचारते. एका वेळी एकच प्रश्न, आणि मग थांबायचं. उत्तर यायला दोन मिनिटं लागली तरी मध्ये बोलायचं नाही. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न टाळायचा, कारण ‘का गेलीस?’ यात दोष तिच्यावर येतो. ‘हो ना?’ असं शेवटी जोडायचं नाही. मोठ्या माणसाला बरं वाटावं म्हणून हो म्हणायची सवय या मुलींना घरीदारी लागलेली असते, आणि आरोपीचा वकील उलटतपासणीत नेमका तिचाच फायदा घेतो. सोबत आलेल्या काका-मामाला बाहेर बसवायचं. मूकबधिर मुलगी शाळेत गेलेलीच नसेल तर तिला प्रमाण सांकेतिक भाषा येत नाही, घरात तयार झालेल्या खुणाच येतात. मग दुभाष्याबरोबर त्या खुणा ओळखणारा पण आरोपांशी संबंध नसलेला माणूसही शोधावा लागतो. यातलं काहीच अंगभूत शहाणपणाने सुचत नाही. हे शिकवावं लागतं, करून घ्यावं लागतं, चुकलं तर दुरुस्त करावं लागतं.

२०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा म्हणूनच मला मोलाचा वाटतो. कलम ४७मध्ये पंचायत सदस्य, प्रशासक, पोलीस, न्यायाधीश आणि वकील यांच्या प्रशिक्षणक्रमांत दिव्यांग हक्कांचा विषय सक्तीचा करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. शिक्षेच्या कलमांची चर्चा सगळे करतात. या कलमाकडे फारसं कोणी वळत नाही.

एप्रिल २०२१मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका अंध तरुणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की दिव्यांग साक्षीदाराची साक्ष कमी वजनाची मानता येणार नाही. न्यायाधीश, सरकारी वकील आणि पोलीस यांचं प्रशिक्षण व्हावं, विशेष शिक्षक आणि दुभाष्यांची माहिती पोलिसांकडे तयार असावी, असंही त्या निकालात आहे. पुढच्याच जानेवारीत, महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात, असुरक्षित साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र साक्ष केंद्र असावं असा आदेश झाला. असुरक्षित साक्षीदार म्हणजे फक्त लहान मूल, ही समजूत त्याने मोडली. मानसिक आजार किंवा दिव्यांगत्व असलेले प्रौढही त्यात आले. तिथल्या माणसांच्या प्रशिक्षणाची आखणी न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या समितीकडे सोपवली गेली. इमारतीबरोबर माणसं घडवण्याचा विचार एकाच आदेशात झाला, ही मोठी गोष्ट.

तरीही तीस वर्षांचा हिशेब मांडताना समाधान वाटत नाही. शिकवणं अजून बहुतेक ठिकाणी ‘एकदिवसीय कार्यशाळा’ या साच्यात अडकलं आहे. हजेरीपट, बॅनर, गटाचा फोटो. शिकलेला अधिकारी बदली होऊन जातो आणि ठाणं पुन्हा कोरं. बँकेतल्या कर्मचाऱ्याला, ग्रामसेवकाला, पोस्टमनला तर कोणी विचारतच नाही. पण निराधार योजनेचे पैसे दर महिन्याला कोणाचा तरी भाचा अंगठा घेऊन काढून नेतो, ते पहिल्यांदा त्यांनाच दिसतं. टिकलं ते तिथेच, जिथे शिकवणारा माणूस संस्थेच्या आत बसला आणि कामाचा भाग म्हणून रोज शिकवत राहिला: आयुक्तालयातला विशेष कक्ष, भाभातलं ‘दिलासा’. महाराष्ट्र पोलीस अकादमीपासून नर्सिंग कॉलेजांपर्यंत हीच रीत नियम व्हायला हवी.

वाचकांना एक विनंती. तुमच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारा, की विशेष शिक्षक आणि सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांची यादी आहे का. नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पत्र लिहा. आणि शेजारच्या घरात, आश्रमात, वसतिगृहात काही चुकतंय असं दिसलं तर थांबू नका. दिव्यांग व्यक्तीवरच्या अत्याचाराची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कोणीही देऊ शकतं. २०१६च्या कायद्याच्या कलम ७मध्ये तसं लिहिलेलं आहे.