दुपारपर्यंत पुरणारी न्याहारी

नीरा डावा कालवा 1880 च्या दशकात वाहू लागला. त्याआधीची बारामती आणि इंदापूर म्हणजे पर्जन्यछायेतली कोरडी जिराईत. रब्बीला शाळू, खरिपाला बाजरी आणि जोडीला हुलगा, मटकी, करडई. रानात जे पिकायचं, तेच सकाळी पानात यायचं. पुढे भाटघर धरणाचं पाठबळ मिळालेल्या या कालव्याने दोन्ही तालुक्यांची शेती पालटली आणि शेतीच्या मागोमाग सकाळची न्याहारीही पालटत गेली. चहा-बिस्किटावर घराबाहेर पडलेल्या माणसाच्या पोटात साडेदहालाच कावळे का ओरडू लागतात, हे कळायला या बदलाचा माग काढावा लागतो.

जुनी न्याहारी उठल्याउठल्या होत नसे. माणूस दिवस उगवायला रानात जाई आणि कामाचा एक टप्पा उरकला की बांधावर फडकं सोडी. त्यात शाळूची भाकरी, बऱ्याचदा रात्रीचीच, कडेने कडक झालेली. बुक्कीने फोडलेला कांदा, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी. ताक असलं तर शिळी भाकरी त्यात कुस्करून, मीठ घालून काला व्हायचा. थंडीच्या दिवसांत हुलग्याचं गरम माडगं. एवढ्यावर मोट हाकणारा गडी आणि खुरपणारी बाई ऊन डोक्यावर येईपर्यंत तग धरत.

या ताटाचं गमक आज नीट सांगता येतं. कडक भाकरी भराभर गिळता येत नाही, ती चावावी लागते. सावकाश जेवलं की पोट भरल्याचा निरोप मेंदूला वेळेत पोहोचतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या अन्नघटक तक्त्यांप्रमाणे 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात, पोह्यांत साधारण साडेतीन. शिवाय शिजवून गार केलेल्या धान्यातल्या स्टार्चचा काही भाग पुन्हा घट्ट होतो आणि लहान आतड्यात पचत नाही. शिळ्या भाकरीला तेवढा फायदा मिळतो. तरी सगळं श्रेय एकट्या ज्वारीचं नाही. दाण्यातलं तेल, हुलग्यातली प्रथिनं आणि ताक यांच्या सोबतीने ती भाकरी पोटात जास्त वेळ टिकायची.

जुनं ते सगळं सोनं होतं असंही नाही. भाकरी पुरेशी नसे आणि घरातल्या बाईच्या वाट्याला ती सगळ्यांत शेवटी येई. 1972 च्या दुष्काळात तर शाळूच उरला नाही. रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडणाऱ्या माणसांनी परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. त्या सुकडीची आठवण जिराईत पट्ट्यातल्या वयस्कर माणसांकडे अजून निघते. तेव्हा प्रश्न पोट किती वेळ भरलेलं राहतं हा नव्हताच. ते भरतं की नाही, एवढाच होता.

कालव्याखालच्या पट्ट्यात मात्र चित्र कधीच बदलायला लागलं होतं. आधी ऊस आणि गुऱ्हाळं आली. 1930 च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर आणि सोमेश्वरनगर इथले सहकारी कारखाने झाले. भीमेवरच्या उजनी धरणाने 1980 च्या सुमाराला इंदापूरच्या उत्तरेला पाणी आणून ठेवलं. साखर घरोघरी आली, चहा आला, चहात साखर सढळ पडू लागली. संकरित गाई आल्या आणि सकाळचं दूध डेअरीला जाऊ लागलं. हाती रोख पैसा आला, त्यातून मुलं शिकली, घरं बांधली गेली. मात्र घरात विरजायला दूध कमी उरलं आणि सकाळच्या ताकाची जागा कपभर गोड चहाने घेतली.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे, दुधाचे, कपड्यांचे कारखाने आल्यावर सकाळच्या वेळाही बदलल्या. पहिल्या पाळीचा कामगार पहाटे उठून चहा-खारी घेतो आणि बस पकडतो. रेशनवर गहू-तांदूळ आले, पोहे पंधरा मिनिटांत होऊ लागले आणि भाकरी थापायला वेळ उरला नाही. घरचं आवरून पाळी गाठणाऱ्या बाईने पोह्यांची कढई चढवली, तर तिला बोल लावण्याचं काहीच कारण नाही.

या मऊ, गोड न्याहारीचं पोटात काय होतं, हे त्याच दशकांत जगभरच्या प्रयोगशाळा तपासत होत्या. टोरांटोत डेव्हिड जेंकिन्स यांनी 1982 मध्ये दाखवलं की न्याहारीला मसूर खाल्ला तर चार तासांनी घेतलेल्या पुढच्या खाण्यानंतरही रक्तातली साखर कमी चढते. आपल्या हुलग्या-मटकीचंही कूळ तेच, कडधान्याचं. सिडनीत सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये 38 पदार्थ तोलले. प्रत्येकाचा 240 कॅलरींचा वाटा खायला दिला आणि पुढचे दोन तास भूक किती शमली हे विचारत राहिले. पांढऱ्या पावाला 100 गुण धरले, तर उकडलेल्या बटाट्याला 323 मिळाले आणि लोण्याने लडबडलेल्या क्रॉसाँला फक्त 47. ऊर्जा तेवढीच, पण समाधानात जवळजवळ सातपट फरक.

1999 मध्ये जपानी संशोधकांनी घ्रेलिन हे भूक चाळवणारं संप्रेरक शोधलं. त्याच्या उलट काम करणारं जीएलपी-1 आतड्यातून स्रवतं आणि पोट रिकामं होण्याचा वेग कमी करतं. वजन घटवणारी जी नवी इंजेक्शनं सध्या गाजत आहेत, ती याच जीएलपी-1 ची नक्कल करतात. प्रथिनं आणि तंतू असलेलं जेवण हे संप्रेरक जागं करतं. 2021 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी आपल्या अभ्यासात सहभागी झालेल्या हजारावर लोकांचे आकडे मांडले. न्याहारीनंतर दोन-तीन तासांनी ज्यांची साखर नेहमीच्या पातळीखाली घसरली, त्यांना लवकर भूक लागली आणि दिवसभरात त्यांनी जास्त खाल्लं. साडेदहाच्या कावळ्यांमागे ही घसरण असू शकते.

म्हणून प्रत्येकाने सकाळी पोटभर खाल्लंच पाहिजे, असा अर्थ मात्र निघत नाही. 2019 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका आढाव्यात न्याहारी घेतल्याने वजन उतरतं असं काही दिसलं नाही. ज्याला सकाळी भूक नाही, त्याने बळेच खाण्यात हशील नाही. पण जो खातो, त्याने काय खावं हा प्रश्न उरतोच.

आषाढात बारामती-इंदापूरच्या वाटेने तुकोबांची पालखी जाते तेव्हा जुनी आणि नवी न्याहारी शेजारी शेजारी दिसते. काटेवाडीत पायघड्यांवरून पालखी पुढे सरकते, बेलवाडीत गोल रिंगण होतं आणि वाटेवर कुठे पिठलं-भाकरी वाढली जाते, तर कुठे चहा-बिस्किटं. दिवसभराची चाल असलेला वारकरी भाकरीच्या पंगतीला निवांत बसतो, तिच्यावर त्याचा भरवसा असतो.

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून ज्वारीचं कौतुक शहरात वाढलं आहे. तिकडे मोरगाव-सुप्याच्या जिराईत पट्ट्यात शाळू टिकून आहे तो भाकरीइतकाच कडब्यामुळेही. बागायतीत गाईंना मक्याचा मुरघास मिळतो, त्यामुळे तिथे शाळू पेरायचं ते कारणही मागे पडत चाललं आहे. पाळीच्या नोकरीत रोज भाकरी थापणं जमणार नाही, हे मान्य करूनच पुढचा विचार व्हायला हवा. पोह्यांत मूठभर दाणे आणि मोडाची मटकी, चहाआधी एक उकडलेलं अंडं किंवा ग्लासभर ताक, यांतलं काहीही बारामतीच्या बाजारात सहज मिळतं. कारखान्यांच्या कँटीनमध्ये सकाळी मटकीची उसळ रोज ठेवली, तर पहिल्या पाळीच्या कितीतरी जणांना अकराच्या वडापावची गरज पडणार नाही.