पडणाऱ्या दातांची काळजी

‘दुधाचेच दात ते, पडायचेच आहेत,’ हे वाक्य इंदूरच्या माझ्या दवाखान्यात मी गेली कित्येक वर्षे ऐकत आलो आहे. शाळेने व्याख्यानासाठी विषय विचारला, तेव्हा याच वाक्याचा समाचार घ्यावा असे मनात आले. तो घेण्याचा मला अधिकार कितपत आहे, हे पुढे कळेलच.

बालकाला दुधाचे दात एकूण २० येतात. पहिला साधारणतः सहाव्या महिन्यात, शेवटचा अडीच-तीन वर्षांच्या सुमारास. समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे. परंतु मागच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत टिकावयाच्या असतात. त्या घास चावतात, तशाच खाली घडत असलेल्या कायमच्या दातांची जागाही राखतात. अशी दाढ अकाली काढावी लागली, की शेजारची दाढ पुढे सरकते आणि मागाहून येणारा दात वाट मिळेल तसा, वेडावाकडा उगवतो.

‘कीड’ हा आपला शब्दही दिशाभूल करणारा आहे. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातांतले किडे पाडण्याचा उपचार आमच्या आजीच्या पिढीने मोठ्या श्रद्धेने केला. पण दातात किडा नसतोच. तोंडातील काही सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व ते आम्ल दाताच्या कवचातील क्षार विरघळविते. लाळ या आम्लाची धार हळूहळू बोथट करते, गेलेले क्षार काही अंशी भरूनही देते. मात्र तिला या कामी अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढी उसंत मिळाली नाही, तर दात हरतो. म्हणून साखर किती खाल्ली, याइतकेच ती किती वेळा खाल्ली याला महत्त्व आहे. स्वीडनमधील लुंड येथील विपेहोल्म या मतिमंदांच्या संस्थेत १९४५ नंतर काही वर्षे प्रयोग झाले. जेवणाबरोबर गोड खाणाऱ्यांपेक्षा मधल्या वेळी चिकट टॉफी चघळणाऱ्यांचे दात कितीतरी अधिक किडले. त्या असहाय जिवांची संमती कोणी घेतली नव्हती. हे ज्ञान वापरताना तेवढे स्मरण असावे. तात्पर्य, सकाळच्या पोह्यांबरोबरची जिलबी एक वेळ परवडते. दिवसभर खिशातून निघणारी गोळी परवडत नाही.

झोपेत लाळ फारच कमी सुटते. आता माझ्या मुलीची हकिकत. ती दीड वर्षाची असताना तिला साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन निजविण्याची आमच्या घरी रीत पडली होती. साखर आई घालीत असे, बाटली पत्नी देत असे आणि दिवसभर परक्यांची तोंडे तपासून आलेला मी दिवा मालवीत असे. तिच्या वरच्या चार पुढच्या दातांवर, हिरडीलगत, खडूसारखे पांढरे पट्टे उमटले होते. या टप्प्यावर कीड मागे फिरविता येते. मी ओठ उचलून पाहिले नाही. पट्टे तपकिरी झाले, दात खचले, आणि तिसऱ्या वर्षी ते चारही काढावे लागले. खालचे शाबूत राहिले, कारण दूध ओढताना जीभ त्यांच्यावर येते. कायमचे दात येईपर्यंत पोर हसताना तोंडावर हात धरीत असे.

करावयाचे ते फार नाही. पहिला दात दिसताच मऊ, लहान ब्रशने तो दोन वेळा घासावा. बाळ दूध पिऊन झोपी जाण्यापूर्वी तोंड पुसावे. बाटली लागतच असेल, तर तीत निव्वळ पाणी असावे. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दंतवैद्यास दाखवावे. फ्लोराइडयुक्त पेस्ट ३ वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे ६ वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते. हे माप कटाक्षाने पाळावे. आपल्या शेजारच्या झाबुआ-धार भागात कूपनलिकांच्या पाण्यातील जादा फ्लोराइडने डागाळलेले दात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना कारण सांगणे नको. आणि सात-आठ वर्षांपर्यंत ब्रशवर मोठ्यांचा हात हवाच.

पहिलीच्या शिक्षकांशी थोडे बोलावयाचे आहे. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून घरी तिचा पत्ता लागत नाही. पुष्कळ पालक तिला दुधाचीच समजतात. तिच्या माथ्यावरील खोल घळी सीलंट नावाच्या लेपाने बुजविता येतात. वर्गात कोणाचा पुढचा दात पडलेला दिसला, की ती दाढ तपासण्याची वेळ झाली असे पालकांना कळवावे. माझ्या मुलीच्या अशा चारही दाढा मी स्वतः लेप देऊन बुजविल्या. ती आता आई झाली आहे. दर रविवारी लेकीचा ओठ उचलून पाहते.