दिव्यांगांचे समाजातले जगणे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिव्यांग व्यक्तीने एक तर आईवडिलांजवळ राहायचे, नाही तर एखाद्या संस्थेत दाखल व्हायचे, असे दोनच पर्याय बहुतेक घरांत धरलेले असतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ही समजूत मान्य करत नाही. त्याच्या पाचव्या कलमानुसार दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि अमुक ठिकाणीच राहा, अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही. घरपोच मदत, निवासाची सोय, वैयक्तिक मदतनीस या सेवा तिला मिळाव्यात, असेही हे कलम सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या कराराला भारताने 2007 साली मान्यता दिली, त्याच्या 19 व्या अनुच्छेदात हाच हक्क आहे. कोणाच्याही मदतीशिवाय एकट्याने जगणे, असा त्याचा अर्थ लावला जातो, तो चुकीचा आहे. आंघोळीसाठी रोज माणूस लागतो अशी व्यक्तीही स्वतंत्र असू शकते. तो माणूस कोण असावा आणि किती वाजता यावा, हे ठरवणे तिच्या हाती असले म्हणजे झाले.

दिव्यांग कोणाला म्हणायचे, याची कल्पनाही अजून जुन्या यादीवरच अडलेली दिसते. 1995 च्या कायद्यात 7 प्रकार होते, आता 21 आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, पार्किन्सन आणि ॲसिडहल्ल्यातील पीडित यांचाही त्यांत समावेश आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29.63 लाख दिव्यांगांची नोंद झाली, ती या विस्तारलेल्या यादीच्या आधीची आहे.

प्रमाणपत्र हाती आले की सवलती आपोआप सुरू होतात, हा समज हेलपाटे वाढवतो. वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, हा फक्त पुरावा असतो. त्याच्या पट्टीच्या रंगावरून टक्केवारी कळते: 40 टक्क्यांच्या आत पांढरा, 40 ते 80 च्या दरम्यान पिवळा, 80 आणि वर निळा. बहुतेक लाभांसाठी किमान 40 टक्के लागतात. पुढे संजय गांधी निराधार अनुदानासाठी तहसील कार्यालय, एसटीच्या सवलतीसाठी महामंडळ, साधनांसाठी एडिप योजनेची शिबिरे, असा प्रत्येक दरवाजा वेगळा ठोठावावा लागतो. शिवाय टक्केवारीवरून मदतीची गरज ठरत नाही. पायाने 80 टक्के दिव्यांग असलेला माणूस स्वतःचे दुकान चालवत असेल आणि 50 टक्के बौद्धिक अक्षमता असलेल्याला दिवसभर सोबत लागत असेल, असे सहज घडते.

सगळी मदत मुंबईहून किंवा दिल्लीहून येते, हेही खरे नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. गावात याला ‘दिव्यांगांचा पाच टक्के निधी’ म्हणतात. तो किती जमला आणि कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारता येते. विचारणारे कोणी नसेल तर तो निधी पडून राहण्याची भीती असते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना मात्र थेट व्यक्तीसाठी आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. विमा उतरवण्याआधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि उपचारपद्धतींची नियमित सत्रेही त्यात येतात. दिवसा सांभाळणारी केंद्रे, घरच्यांना थोडा विसावा देणारी तात्पुरती निवासव्यवस्था आणि प्रौढांसाठी कायमची गृहे, अशा योजनाही न्यासाकडे आहेत. त्या नोंदणीकृत संस्थांमार्फत चालतात, त्यामुळे जिथे संस्था नाही तिथे योजना कागदावरच राहते.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज पालकत्वाचा आहे. मूल 18 वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने त्याचे पालक राहत नाहीत, मग त्याला कितीही आधार लागत असो. हे बहुधा बँकेत किंवा वारसनोंदीच्या वेळी उघड होते, कारण तिथे पालकत्वाचे प्रमाणपत्र मागितले जाते. वरच्या चार स्थितींसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानीय स्तर समितीकडे अर्ज करता येतो. समितीवर जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. पालकाची गरज खरोखर आहे का आणि कशासाठी, हे समिती तपासते. नेमणूक झालेल्या पालकाने सहा महिन्यांत स्थावर-जंगम मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब सादर करायचा. हयगय किंवा गैरव्यवहार केल्यास त्याला हटवता येते. अंध, कर्णबधिर किंवा अस्थिव्यंग असलेल्या प्रौढाला असा पालक लागतच नाही. इतर बाबतींत 2016 च्या कायद्याने मर्यादित पालकत्व आणले. त्यात निर्णय ती व्यक्ती आणि पालक दोघांनी मिळून घ्यायचा असतो. एकाने दुसऱ्याच्या वतीने परस्पर ठरवणे अपेक्षित नाही.

मनोरुग्णालयात गेलेला माणूस तिथेच राहतो, ही समजूत दीर्घकाळ वस्तुस्थितीही होती, हे नमूद करायला हवे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या 19 व्या कलमाने ती बदलली. घरचे नेत नाहीत, घर नाही किंवा समाजात सोय नाही, एवढ्या कारणावरून बरा झालेला माणूस रुग्णालयात ठेवता येत नाही. महाराष्ट्रात अशा काही जणांना भिक्षेकरीगृहे आणि वृद्धाश्रमांत हलवले जात होते. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत थांबवायला सांगितली. एका चार भिंतींतून दुसऱ्या चार भिंतींत नेणे म्हणजे पुनर्वसन नव्हे. चेन्नईच्या द बॅनियन संस्थेच्या ‘होम अगेन’ उपक्रमात वर्षानुवर्षे रुग्णालयात राहिलेली चार-पाच माणसे मिळून नेहमीच्या वस्तीतल्या भाड्याच्या घरात राहतात. हा उपक्रम महाराष्ट्रातही पोहोचला आहे. मदतनीस किती वेळ लागतो, हे तिथे माणसागणिक वेगळे असते: कोणाला रात्रंदिवस, तर कोणाला औषधांपुरता आणि बाजारहाटापुरता.