सहल, जत्रा आणि गावपळण : कट्टा-मालवण परिसरातील कौटुंबिक निर्गमनाचा विचार

‘सहल’ हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की, त्याच्या पोटात कोणती सामाजिक व्यवस्था गृहीत धरलेली असते याचा विचार सहसा कोणी करीत नाही. एक दिवस काढावा, मुलाबाळांना घेऊन घराबाहेर पडावे, निसर्गरम्य अथवा ऐतिहासिक स्थळ पाहावे, बरोबर नेलेले खावे आणि सायंकाळी परतावे, ही कल्पना आपल्याला स्वयंसिद्ध वाटते. वस्तुतः ती विशिष्ट परिस्थितीत जन्मलेली आहे. ती परिस्थिती ज्या समाजात नव्हती, त्या समाजातील कुटुंबे घराबाहेर पडत नव्हती काय? पडत असतील, तर कोणत्या निमित्ताने आणि कोणत्या नियमांनी? प्रस्तुत लेखात सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील कट्टा व त्याच्या आसपासचा प्रदेश डोळ्यांपुढे ठेवून या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. मालवण-कसाल रस्त्यावरील कट्टा हे बाजारपेठेचे गाव असून मालवणचा किनारा, धामापूरचा तलाव, मसुऱ्याची आंगणेवाडी आणि आचरे ही सारी ठिकाणे तेथून एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात आहेत. त्यामुळे निर्गमनाचे निरनिराळे प्रकार येथे एकाच कुटुंबाच्या वार्षिक क्रमात शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

१. तुलनेसाठी इंग्लंडचे उदाहरण

आधुनिक अर्थाची सहल कशी घडली हे इंग्लंडच्या इतिहासात स्पष्ट दिसते. तेथे तिला तीन गोष्टींची आवश्यकता पडली : मोकळा वेळ, वाहन आणि जाण्याचा हक्क. कारखान्यांच्या भोंग्याने कामाचा वेळ व स्वतःचा वेळ यांची काटेकोर फाळणी केली. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक याने लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे ५०० माणसे एका शिलिंगात आगगाडीने नेली, तेव्हा मद्यपाननिषेधाच्या सभेला जाणे आणि सहल करणे या गोष्टी एकत्र आल्या होत्या. १८७१ साली सर जॉन लबक यांच्या प्रयत्नाने सार्वजनिक सुट्यांचा कायदा झाला, आणि १९३८ साली पगारी रजेचा कायदा झाला.

तिसरी गोष्ट मात्र सर्वांत अवघड ठरली. इंग्लंडमधील गावांच्या सामायिक जमिनी मोठ्या जमीनदारांच्या कुंपणात गेल्या असल्याने शहरी कामगाराला डोंगरावर पाय ठेवावयासही मज्जाव होता. १९३२ साली किंडर स्काउटच्या पठारावर कामगार तरुणांनी मुद्दाम प्रवेश केला आणि त्यांपैकी काहींना तुरुंगात जावे लागले. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा व ग्रामीण भागातील प्रवेशाचा कायदा झाला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे पहिले राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, आणि १९६८ च्या कायद्याने शहरांजवळ कौटुंबिक सहलींसाठी ग्रामोद्याने उभी राहू लागली. दुसरीकडे, वारसाकराच्या ओझ्याखाली दबलेल्या सरदारांनी आपले वाडे तिकीट लावून खुले केले. लाँगलीटचा वाडा १९४९ मध्ये लोकांसाठी उघडला आणि १९६६ मध्ये त्याच्या आवारात सिंहांचे मोकळे उद्यान सुरू झाले.

सारांश, तेथील ग्रामीण सहल ही शहरी माणसाने परक्याच्या भूमीवर मिळविलेली अथवा विकत घेतलेली सवलत आहे. पाहणारा आणि तेथे राहणारा ही दोन भिन्न माणसे आहेत. मालवण तालुक्यातील जुन्या निर्गमनात नेमका हाच भेद आढळत नाही.

२. जत्रा : जाणे आणि परतणे एकच

कट्ट्याच्या आसपासचे कुटुंब मुळात निसर्गातच राहते. माड, भातशेती, पाणंद, ओहोळ हे त्याचे नित्याचे जग. त्याला निसर्ग पाहण्यासाठी घर सोडण्याचे कारण नाही. तरीही ते घर सोडते. आणि त्याचा काळ कृषिजीवनाने ठरविलेला असतो. भाताची कापणी-मळणी आटोपली की कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. एका गावाची आज, तर शेजारच्याची उद्या, अशी त्यांची माळ गुंफलेली असते. देवदर्शन, ओटी, पालखी, मालवणी खाजाची दुकाने आणि रात्रभर चालणारे दशावतारी नाटक हे जत्रेचे ठरलेले स्वरूप. मुलांना हा मनोरंजनाचा दिवस. परंतु सासुरवाशिणीला तो माहेरी जाण्याचा, भावाबहिणींना भेटीचा, आणि घराला पाहुण्यांचे ऋण फेडण्याचा दिवस असतो. आज ज्यांच्या घरी जेवावयाचे, ते उद्या आपल्या जत्रेला आपल्या घरी येणार, हा न लिहिलेला करार त्यामागे असतो.

या प्रकाराचे सर्वांत भव्य रूप म्हणजे मसुरे गावातील आंगणेवाडीच्या श्री भराडी देवीची जत्रा. या जत्रेची तिथी पंचांगात सापडत नाही. पारधीचा विधी आणि देवीचा कौल यांनंतरच ती जाहीर होते. म्हणून २०२३ साली ती ४ फेब्रुवारीस, २०२४ साली २ मार्चला, तर २०२५ साली २२ फेब्रुवारीस भरली. मुंबईतील चाकरमानी ही तारीख कळताच रजेचा अर्ज आणि प्रवासाचे आरक्षण यांच्या मागे लागतो. रेल्वे व एस. टी. यांना जादा गाड्यांची व्यवस्था करावी लागते. औद्योगिक महानगराचे वेळापत्रक येथे एका वाडीच्या ग्रामदैवतापुढे नमते, ही गोष्ट समाजशास्त्राच्या अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये सुटीचा दिवस कायद्याने ठरविला. येथे दिवस देवी ठरविते आणि सुटी माणसाने मिळवावयाची असते.

दुसरा विशेष असा की, ही यात्रा मूलतः एका वाडीतील आंगणे कुटुंबांची आहे. त्या घरांतील स्त्रिया देवीच्या प्रसादाचा स्वयंपाक मौन पाळून करतात. लाखो भाविक येत असले, तरी यजमानपण त्या घरांकडेच राहिले आहे. येणारा येथे प्रेक्षक नसतो. तो कोणाचा तरी पाहुणा अथवा देवीचा माहेरवाशी असतो.

३. गावपळण : संपूर्ण गावाचे निर्गमन

याहून विलक्षण प्रकार म्हणजे आचरे गावाची गावपळण. ग्रामदैवत श्री देव रामेश्वराचा कौल घेऊन काही वर्षांच्या अंतराने संपूर्ण गाव तीन दिवस व तीन रात्री वेशीबाहेर राहावयास जातो. तालुक्यातील चिंदर व वायंगणी या गावांतही ही प्रथा आहे. नियत वेळी घरांना कुलुपे लागतात. गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री यांसह माणसे शिवेपलीकडे जातात आणि माळावर किंवा नदीकाठी झावळ्यांच्या व कापडाच्या राहुट्या उभारतात. जातिधर्माचा भेद न मानता सारी घरे यात सामील होतात. गाव निर्मनुष्य होते. चौथ्या दिवशी देवाचा पुन्हा कौल घ्यावयाचा. तो अनुकूल मिळाला तर परतावयाचे, नाहीतर मुक्काम वाढवावयाचा.

प्रथेमागील श्रद्धा अशी की, त्या काळात गाव देवाच्या व त्याच्या गणांच्या स्वाधीन असतो. काहींनी तिचा अर्थ आरोग्याच्या दृष्टीने लावला आहे : माणसे दूर गेल्याने साथीचा संसर्ग तुटावा, भूमीला व पाणवठ्यांना विसावा मिळावा. हा अर्थ आकर्षक असला, तरी तो प्रथेच्या उगमाचा पुरावा नव्हे; प्रथेचा परिणाम आणि तिचा हेतू यांची गल्लत विद्यार्थ्याने करू नये. प्रत्यक्षात जे दिसते ते महत्त्वाचे आहे. तीन दिवस शेजाऱ्याच्या राहुटीला भिंत नसते. चुली जवळजवळ पेटतात, रात्री भजने होतात, फुगड्या रंगतात, आणि एरवी कामामुळे एकमेकांना न भेटणारी माणसे निवांत बोलत बसतात. ज्याला आज ‘कौटुंबिक वनविहार’ म्हणून विकले जाते, ते सारे येथे आहे. फक्त ते विकत मिळत नाही आणि कोणाला ऐच्छिकही नाही.

इंग्लंडमधील पॅरिशच्या सीमा पायी फिरून आखण्याच्या जुन्या प्रथेशी गावपळणीची तुलना सुचते. दोहोंतही लहान मुलाला गावाची हद्द पायांनी शिकविली जाते. भेद इतकाच की, तेथे सीमेवरून फिरून हक्क सांगितला जातो, तर येथे सीमेबाहेर जाऊन तो हक्क तात्पुरता देवाला परत केला जातो. आपण या भूमीचे मालक नसून कुळे आहोत, याची ती नियतकालिक कबुली होय.

४. सहलीची स्थळे : धामापूर आणि सिंधुदुर्ग

आधुनिक अर्थाची सहल या प्रदेशात आली ती मुख्यत्वे शाळा आणि चाकरमान्यांची मे महिन्याची सुटी यांच्याद्वारे. तिची दोन प्रमुख ठिकाणे म्हणजे धामापूरचा तलाव आणि मालवणचा जलदुर्ग.

धामापूरचा तलाव १५३० मध्ये विजयनगरच्या राज्यातील मांडलिक नागेश देसाई यांनी बांधला, असे सांगितले जाते. डोंगरांमधील खोऱ्याचे पाणी मातीच्या बांधाने अडविलेले असून काठावर श्री भगवती देवीचे मंदिर आहे. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिःसारण आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन-रचनांत स्थान दिले. म्हणजे ज्याला सहलकर्ता ‘रम्य देखावा’ म्हणतो, ती एक पाचशे वर्षे राबणारी शेतीची यंत्रणा आहे. या तलावाविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. लग्नकार्यासाठी दागिन्यांची गरज असलेल्याने परडीत फुले घालून देवीपुढे पाण्यात सोडावी. परडी दागिन्यांनी भरून वर येई. कार्य झाल्यावर ते परत करावयाचे. पुढे कोणीतरी दागिने परत केले नाहीत आणि देणे थांबले. लोककथेचा हा नमुना अन्यत्रही आढळतो. परंतु सार्वजनिक संपत्तीच्या वापराचा नियम इतक्या थोडक्यात क्वचितच सांगितला गेला असेल.

सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सुरू केले व ते १६६७ मध्ये पूर्ण झाले. सुमारे ४८ एकरांचा हा दुर्ग, त्यातील श्री शिवराजेश्वराचे मंदिर आणि खाऱ्या समुद्राने वेढलेल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहण्यासाठी होडीतून जावे लागते. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या सामरिक भूदृश्यातील १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. किल्ल्यात आजही पूजा चालते आणि काही कुटुंबांची घरे आहेत. म्हणून त्याला केवळ ‘प्रेक्षणीय वास्तू’ म्हणणे अपुरे ठरते.

५. पाहुणा आणि पर्यटक

१९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा स्वतंत्र झाला, १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. या तीन घटनांनी येथील निर्गमनाची दिशा उलटी झाली. पूर्वी कट्ट्याचे कुटुंब बाहेर पडत असे. आता बाहेरची कुटुंबे त्याच्या दारी येऊ लागली. तारकर्लीचा किनारा, सागरतळाचे दर्शन, घरगुती न्याहारी-निवास यांनी अनेक घरांत रोख पैसा आणला. मुंबईस गेलेला मुलगा त्यामुळे गावी परतला, अशी घरेही आहेत. हा लाभ तुच्छ लेखणे अन्यायाचे होईल.

परंतु त्याच्या बाजूने तीन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न जागेचा. रापण ओढण्याची, जाळी सुकविण्याची, होड्या ओढून ठेवण्याची वाळू हीच आता विहाराची वाळू झाली आहे. १९८७ साली येथे २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य घोषित झाले, तेव्हाही मच्छीमारांचा विरोध याच भीतीपोटी होता : समुद्र पाहणाऱ्याचा होईल आणि त्यावर जगणाऱ्याचा राहणार नाही. दुसरा प्रश्न पाण्याचा व कचऱ्याचा. पाहुण्यांची गर्दी एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे नेमकी विहिरी तळाला जातात तेव्हा, होते.

तिसरा प्रश्न सर्वांत कमी चर्चिला गेलेला आहे, आणि तो स्त्रीच्या श्रमाचा आहे. जत्रेत ती रांधते, तेव्हा दुसऱ्या जत्रेत तिला कोणीतरी रांधून वाढणार असते. देणे-घेणे फिरते राहते. न्याहारी-निवासात तेच माशाचे सार, तेच वडे ती रांधते. परंतु परतफेड रुपयांत होते आणि बहुधा घरातील दुसऱ्याच्या हाती जाते. शिवाय तिचा बाहेर पडण्याचा हंगाम आणि पर्यटकांचा येण्याचा हंगाम एकमेकांवर येतात. इतरांच्या सहलीमुळे तिचे माहेरी जाणे राहते. पर्यटनाच्या हिशेबात खोल्या मोजल्या जातात, माणसे मोजली जातात. हे न झालेले जाणे कोठेही मोजले जात नाही.

६. समारोप

वरील विवेचनावरून तीन प्रकारांतील भेद असा मांडता येईल. जत्रेत जाणारा हा पाहुणा असतो आणि त्याच्यावर परतफेडीचे बंधन असते. गावपळणीत संपूर्ण गाव निघतो आणि भूमीवरील आपला हक्क काही काळ सोडून देतो. सहलीत मात्र व्यक्ती अथवा कुटुंब मूल्य देऊन अनुभव घेते, आणि मूल्य दिल्याने बंधन संपले असे मानते. इंग्लंडला हे तिसरे नातेच प्रथम भेटले, म्हणून तेथे प्रवेशाचा हक्क आणि स्थळाचे रक्षण दोन्ही कायद्याने घडवावे लागले. मालवणच्या प्रदेशात पहिली दोन नाती अद्याप जिवंत असताना तिसरे आले आहे. त्यामुळे येथील प्रश्न ‘पर्यटन असावे की नसावे’ असा नाही. पर्यटकाला पाहुण्याचे थोडेतरी बंधन कसे लागू करावे, असा तो आहे.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रथम स्थळांची यादी न करता घरांची करावी. कार्तिक ते ज्येष्ठ या काळात एका घरातील कोण, कोणत्या दिवशी, कोणाकडे गेले आणि कोण आले, किती जणांचा स्वयंपाक झाला व तो कोणी केला, याची साधी रोजनिशी वर्षभर ठेवली, तरी पुष्कळ उमगेल. धामापूरच्या देवीची परडी रिकामी का झाली, याचे उत्तर आख्यायिकेने दिलेच आहे. ते आजच्या व्यवहारात तपासून पाहणे हे आपले काम आहे.